पोचल्याचा मेसेज

"बेटा, ओवी आज स्कूल नहीं गई क्या?"

गुप्ता आंटीनं फोनवर एवढंच विचारलं अन माह्या हातातला डबा सुटला, भाजी सगळी कीबोर्डवर, अन मी म्हटलं आंटी काय म्हणून राहिल्या तुम्ही, सकाळी मीच तं तिले गाडीत बसवलं, अन आता तं ती घरी पोचली ना, मेसेज आला मले. तं आंटी म्हणे, "मैं तो दरवाज़े पे बैठी हूँ बेटा. कोई नहीं आया."

मी मोबाइल पाह्यला. मेसेज होता. ‘ओवी घर पहुँच गई है.’ बाजूले हिरवी टिकली अन एक हसरा चेहरा. तो हसरा चेहरा मीच लावाले सांगितला होता. तो अख्खा मेसेजच माह्या हातचा होता.

ओवी माही पोरगी. केजी टूमध्ये आहे. आम्ही मराठी मुलुख सोडून इकडे आलो, तेलीबांध्याले मागच्या गल्लीत राहतो, वरच्या खोल्यायमध्ये, खाली गुप्ता आंटी. शाळा सुटली की व्हॅन ओवीले आंटीजवळ सोडते, मी समता कॉलोनीतल्या ऑफिसातून येतवर ती आंटीजवळच राहते. तिचे पप्पा कोरब्याले ठेक्यावर आहेत, सुटी भेटली तं येते.

मी व्हॅनवाल्या संतोष भैयाले फोन लावला. घंटी वाजते, उचलत नाही. परत लावला. परत. मंग मी आमच्या ऑफिसचंच व्हॅनचं ॲप उघडून नकाशा पाह्यला, तं त्याची गाडी तेलीबांधा चौकात उभी दिसे. हालेचना. मले वाटलं अ‍ॅक्सिडेंट. मले पह्यले नेहमी अ‍ॅक्सिडेंटच वाटते. मी कोणाले सांगितलं नाही, सांगाले ऑफिसात होतंच कोण, स्कुटी काढली अन निघाली, हेल्मेट हातातच अडकवलेलं. रस्ता कसा कापला मले विचारू नका. एका सिग्नलवर एक बाई ओरडली, "मरना है क्या?" अन माह्या मनात आलं, बाई, तुले काय माहीत.

चौकात गाडी नव्हतीच. संतोष भैया होता, मोटारसायकलवर. मागं एक बाई, नवं लुगडं नेसलेली, मांडीवर लेकरू, पायाशी थैली.

मी मराठीतच ओरडली, "ओवी कुठंय? माही पोरगी कुठंय?"

तो घाबरून उतरला. "का होगे दीदी? लइका मन त धनीराम कका के गाड़ी म हे."

"काहून? पोट्टे त्या दुसऱ्या गाडीत काहून?"

"तीजा हे न दीदी." जसं त्यात सगळंच आलं. "बहिनी ल लेवाय बर आय हंव. बस लेट होगे. हर साल अइसने करथन."

आता हे तुम्हाले समजावून सांगते, कारण मले बी तवाच समजलं. इकडे तीजाले, म्हणजे आपल्या हरतालिकेले, भाऊ बहिणीले माहेरी घेऊन येते. लग्न झालेल्या सगळ्या बाया माहेरी जाते, लेकरं बी संग नेते. पह्यल्या दिवशी कारल्याची भाजी-भात खाते, मंग उपास. आपल्याकडे हरतालिकेले आपण शेजारणीकडे पूजा करतो अन घरी येतो, माहेरी जाचं असं काही नसते. तं त्या दिवसांत शाळेच्या व्हॅना अर्ध्या रिकाम्या धावते. म्हणून दोन ड्रायव्हर आपसात ठरवून सगळे पोट्टे एकाच गाडीत टाकते, अन दुसरा आपल्या बहिणीले आणाले जाते. कोणी कोणाले सांगत नाही. सगळ्यायले माहीतच असते. ज्यायले माहीत नसते असे आमच्यासारखे बाहेरचे.

अन आमच्या ॲपले तं काहीच माहीत नाही. ॲपसाठी गाडी म्हणजे ड्रायव्हरचा फोन. फोन होता संतोष भैयाच्या खिशात, चौकातल्या आवाजात त्याले घंटी बी ऐकू आली नव्हती. संतोष भैया बहिणीची वाट पाहत चौकात थांबला, तं ॲपले वाटलं गाडी तेलीबांध्यात थांबली. म्हणजे तिथले पोट्टे उतरले. धाडले मेसेज तिथल्या सगळ्या घरी, एकदम.

धनीराम काका पह्यले बूढ़ापारा करून, मंग समता कॉलोनी करून, मंग तेलीबांध्याले येणार होते. गाडी चालवताना ते फोन उचलत नाही. मीच मागं सगळ्या ड्रायव्हरायले हात जोडून सांगितलं होतं, चालवताना फोन उचलाचा नाही.

संतोष भैयाच्या बहिणीनं थैलीतून बाटली काढली. "पानी पी ले दीदी," म्हणे, अन माहा हात धरून बसली. तिचं नाव बी मले माहीत नाही. मले भाऊ नाही. असता तं बी माहेराहून, पार आमगावाहून कायले आला असता. पन त्या चौकात, ट्रकाच्या धुरात, माह्या मनात हेच कसं आलं देवाले माहीत.

मंग व्हॅन आली. ओवी उतरली, हातात तीजाची तळलेली ठेठरी, तोंडाले बेसन लागलेलं.

"मम्मी! आज हम दूसरी गाड़ी में आए! कका ने ठेठरी दी!"

म्या म्हटलं, "ओवी, तू घाबरली नाही का गं?"

"नहीं तो. आप क्यों रो रही हो?"

मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते. नेहमीचंच आहे.

आता हे काम कसलं आहे ते सांगाले पाहिजे, नाहीतं तुम्ही म्हणाल ही बारावी नापास बाई मेसेज कुठून बनवाले लागली.

मी या ऑफिसात फोन उचलाले लागली होती. शाळेच्या व्हॅनचं ॲप, आईबापायले मोबाइलवर गाडी कुठं आहे ते दिसते. नाही दिसली तं ते फोन करते, तो फोन मी उचलाचा. तवा ऑफिसात चांगली माणसं होती. एक मॅडम होत्या, त्यायले प्रॉडक्ट मॅनेजर म्हणत. म्या एकदा विचारलं, मॅडम तुम्ही नेमकं करता काय? त्या हसल्या, म्हणे लोकायले काय पाहिजे ते ऐकाचं अन बनवणाऱ्यायले नीट समजावून सांगाचं, मधातलं माणूस आहे मी. अन बनवणारा होता दुबे. कॉम्प्युटरवर तोच सगळं लिहे. मॅडमनं काहीही सांगितलं की दुबे खुर्ची मागं सरकवे अन म्हणे, "नहीं होगा."

मॅडम म्हणे, "काहून नाही होणार?" मॅडम नागपूरच्या.

दुबे म्हणे, "पहले ये बताइए, बच्चे को छुट्टी हो तो क्या होगा? गाड़ी पंचर हो तो? फोन बंद हो तो?" अन मंग दोघं भांडत, चहा मागवत, मलेही हाक मारत, "दीदी, आप बोलो, ड्राइवर लोग ऐसा करेंगे?" मी म्हणे कोणी नाही करत. एकदा त्यायनं ड्रायव्हरसाठी बटन दिलं, पोट्टं उतरलं की दाबाचं. मी हसली. ड्रायव्हरायनं शाळेच्या फाटकावरच सगळे बटनं एकदम दाबून टाकले अन मोकळे झाले. गाडी चालवू की बटन दाबू, म्हणे. तवा लय मजा आली होती. माहं म्हणणं खरं निघालं म्हणून दुबेनं मले पेढा दिला होता.

मंग ते एआयचं मशीन आलं. पाहता पाहता दुबेचं काम मशीन कराले लागलं, दुबे गेला. मॅडमले दुसरीकडे चांगलं भेटलं, त्या बी गेल्या. आमचे मालक, मोहित सर, मले म्हणे, "अब तू ही प्रोडक्ट, तू ही डेवलपर. तुझे तो सबकी प्रॉब्लम मालूम है. बस मशीन को बोल, वो बना देगा." मी म्हटलं सर मले काही येत नाही. ते म्हणे, "आना क्या है? बोलना तो आता है ना?"

बोलाले तं येते. मी लिहिते अर्धं हिंदी अर्धं मराठी, मशीनले सगळं समजते. हळूहळू मले बी काही काही समजाले लागलं. बदल करायच्या आधी जुनं सांभाळून ठेवाचं, पह्यले एकाच गाडीवर लावून पाहाचं, कुठं काय झालं त्याच्या ओळी वाचाच्या. पह्यलं बटन मी बनवलं तवा मी गुप्ता आंटीले दाखवलं, ओवीच्या पप्पाले व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ते म्हणे, "तू इंजिनीअर झाली का बे?" मले लय बरं वाटलं. खोटं कायले बोलू.

पन एक गोष्ट आहे. मशीन कधी ‘नहीं होगा’ म्हणत नाही. काहीही लिहा, पह्यली ओळ तीच, ‘बहुत अच्छा विचार है!’ अन पापणी लवाच्या आत तयार. मोहित सरनं सांगितलं, फोन लय येते, पेरेंट लोकायले तसल्ली पाहिजे, पोचल्याचा मेसेज बनव. मी मशीनले सांगितलं, गाडी घराजवळ थांबली की मेसेज जाऊ दे. बहुत अच्छा विचार. झालं. एका गाडीवर पाह्यलं, बरोबर चाललं. सगळ्यायवर लावलं, बरोबर चाललं. कोणी विचारलंच नाही की तीजाले काय होईल. दुबेनं विचारलं असतं का? दुबे इथलाच होता, त्याच्या बहिणी आहेत. मले वाटते विचारलं असतं. नसतं बी. पन त्याच्या नाही म्हणण्यात जे आठ-पंधरा दिवस जात, त्यात कोणी तरी विचारलंच असतं.

मेसेज सुरू झाला अन फोन बंद झाले. आधी दुपारी मी श्वास घेऊ शकत नव्हती, एका कानाले एक, दुसऱ्या कानाले दुसरा. मले बायांच्या पह्यल्या श्वासावरून समजे की ही नुसती विचारून राहिली की घाबरून राहिली. तेच माहं काम होतं, भित्र्या बाईले दुसरीची भीती पटकन ओळखू येते. आता ऑफिसात मी, मशीन अन पंखा. मोहित सर बाहेर फिरत राहते. चहावाला बी वर येईना, एकटीसाठी कायले येईन.

बूढ़ापाऱ्याचे एक आजोबा होते, रेल्वेतून रिटायर, मूळचे वर्ध्याकडचे. त्यायची नात आमच्या व्हॅननं येते. त्यायले ॲप जमत नव्हतं, तं रोज दुपारी फोन, "काय वं पोरी, गाडी कुठं लागली?" जशी मी स्टेशन मास्तर. मी बी म्हणे, "आजोबा, गाडी आउटरले उभी आहे, सिग्नल भेटत नाही." ते खो खो हसत. दिवसभरात माह्या कानावर मराठी पडे ती तेवढीच. मेसेज सुरू झाला तवापासून त्यायचा बी फोन बंद. मी दोनदा फोन हातात घेतला, काय म्हणून लावू? मेसेज भेटला का म्हणून विचारू? ठेवून दिला.

तं तीजाच्या आदल्या दिवशी, चौकातून आल्यावर, ओवीले आंटीजवळ बसवून मी परत ऑफिसात गेली. मले वाटलं फोन फुटत असतील. तेलीबांध्यातल्या सगळ्या घरी खोटा मेसेज गेलता, पोट्टे लय उशिरा पोचलते.

एकही फोन आला नव्हता.

सगळ्यायनं मेसेज वाचला, हिरवी टिकली पाह्यली, अन आपापल्या कामाले लागले. कोणी दारात गेलंच नाही. आंटी दारात बसली होती, कारण आंटीजवळ साधा फोन आहे, तिले मेसेज येतच नाही. मी खुर्चीवर बसली. ओवी भेटत नव्हती तवा बी नव्हती एवढी भीती मले आता वाटली.

मशीनले मी लिहिलं, तू असं काहून केलं? तं त्यानं समजावून सांगितलं, ड्रायव्हरचा फोन म्हणजे गाडी धरली, थांबणं म्हणजे उतरणं धरलं. मंग म्हणे, ‘आप सही कह रही हैं, मुझे यह पूछना चाहिए था. असुविधा के लिए क्षमा करें.’ लय सभ्य आहे. पन त्याले रागवून काही भेटत नाही. दुबेवर रागावलं तं तो तोंड तं पाडे.

मी विचारलं, पोट्टं खरंच उतरलं हे आपल्याले समजू शकते का? ते म्हणे समजू शकते, गाडीत कॅमेरा लावा, पोट्ट्यायच्या गळ्यात पट्टी लावा. ते काही मोहित सर लावत नाही. मंग मी म्हटलं, जेवढं आपल्याले माहीत आहे तेवढंच लिही. तं त्यानं लिहून दिलं, ‘गाड़ी आपके घर के पास रुकी है. कृपया बच्चे को आप स्वयं देख लें.’ हसरा चेहरा मी काढून टाकला. सरले विचारलं नाही. लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी तीजाची सुटी. शाळा उघडली तवा दुपारपासून फोनच फोन. "ये कैसा मैसेज है?" "देख लें मतलब? आप लोग किसलिए हैं?" "बच्चा पहुँचा कि नहीं, सीधा बोलिए ना!" मी म्हणे, जी, पोहोचला असंल जी, आप देखिए ना जी. मराठी, हिंदी सगळं मिसळून जाये.

एक आई आहे, इथंच समता कॉलोनीतल्या दवाखान्यात नर्स. तिचा फोन आला, आवाज एकदम बारीक. म्हणे, "दीदी, मैं ऑपरेशन के अंदर रहती हूँ. घर पे सास हैं, चल नहीं सकतीं. कौन देखेगा? वो पहले वाला ही भेजो ना." मी तिले सगळं सांगितलं, तीजाचं, ओवीचं, की तो मेसेज खोटा बी असू शकते. मंग म्हणे, "कभी-कभी गलत आए तो भी चलेगा दीदी. आना चाहिए. वो आता है तो मेरा हाथ नहीं काँपता."



त्याच दुपारी आजोबांचा फोन आला. "काय वं पोरी, गाडी कुठं लागली?"

मी नाक ओढत म्हटलं, येऊन राहिली आजोबा. ते म्हणे, "हे काय पाठवलं तुम्ही? ‘स्वयं देख लें’? म्या तं ओट्यावर बसणंच सोडून दिलतं. मेसेज येते तं कायले उन्हात बसाचं. आज परत खुर्ची काढली. तं नात म्हणते, आजोबा तुम्ही आज बाहेर कैसे?" अन हसले. मंग त्यायनं विचारलं, तू रडून राहिली का? म्या सगळं सांगितलं. ते म्हणे, हे आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लिही. म्या म्हटलं मले शुद्ध लिहिता येत नाही. ते म्हणे, बोलतेस तसंच लिही, शुद्ध लिहिणारे लय आहेत.

संध्याकाळी मोहित सर आले. ओरडले नाही, ओरडले असते तं बरं झालं असतं. खुर्ची ओढून समोर बसले. म्हणे, "देख, हम गाड़ी नहीं बेचते, नक्शा नहीं बेचते. हम तसल्ली बेचते हैं. तूने लोगों को डर भेज दिया." म्या म्हटलं सर, माही पोरगी भेटत नव्हती. ते म्हणे, "मिल गई ना? साल में एक बार तीजा आता है. एक बार के लिए रोज़ सबको डराएगी?" अन जाता जाता म्हणे, पुराना लगा दे, नाहीतं मी दुसऱ्या कोणाले बसवीन, मशीन तं आहेच, बोलणारी कोणीही भेटंल.

तेही खरंच आहे. बोलणारी कोणीही भेटंल. अन ती नवी आली तं ती पह्यल्याच दिवशी जुना मेसेज लावून देईन, तिले त्या चौकातलं काहीच माहीत नसंल. मी राह्यली तं मीच लावाचा. ओवीच्या पप्पाले फोन केला, ते म्हणे सर म्हणते तं कर ना, तुले काय कराचं आहे. बरोबरच आहे त्यायचं. मॅडमले मेसेज टाकला, त्यायनं निळी टिकली दाखवली, उत्तर आलं नाही, कामात असतील. मंग शेवटी मशीनलेच विचारलं, मी काय करू? त्यानं दोन्ही बाजू लय छान लिहून दिल्या. खाली लिहिलं, ‘निर्णय आपका है.’

आता हे लिहून राहिली तवा दुसऱ्या दिवशीची दुपार आहे. जुना मेसेज तयार करून ठेवला आहे, हसऱ्या चेहऱ्यासंग. मशीन विचारून राहिलं, ‘चालू कर दूँ?’ खाली दोन बटनं, हो अन नाही. सर संध्याकाळी येणार आहेत.

अन आत्ताच माह्या मोबाइलवर नवा मेसेज आला. गाडी आपल्या घराजवळ थांबली आहे, पोरीले तुम्ही पाहून घ्या. मी समता कॉलोनीत बसली आहे, इथून मी कशी पाहू? आंटीले फोन लावला, लागत नाही. परत लावून राहिली आहे. खरं सांगते, या घडीले मले बी तो जुनाच मेसेज पाहिजे. हिरव्या टिकलीचा. चौकात मी काय पाह्यलं ते माहीत असून बी.

घंटी वाजून राहिली आहे. बटनं समोर तशीच आहेत. तुम्ही माह्या खुर्चीवर असते, तुमचं लेकरू त्या गाडीत असतं, अन त्या नर्सबाईचा आवाज तुमच्या कानात असता, तं तुम्ही कोणतं दाबलं असतं?